बेचाळीस नावांचे आभार

"मॅडम, ज्या सिनेमाला नापास केलंत, तोच चोरून बघताय होय?"

प्रसीता एवढी दचकली की हातातलं स्टॉपवॉच सुटलं आणि घरंगळत थेट दारापाशी गेलं. वाचनालयाच्या वरच्या खोलीत पडदे ओढलेले, पंखा कुरकुरतोय, समोर लॅपटॉपवर एक म्हातारी नदीकाठी डबा सोडून बसलेली... आणि हिचे डोळे भरून आलेले. अशा वेळी कुणी आत यावं का? पण आला होता. दारात एक तरुण उभा होता. अंगात खाकी शर्ट, काखेत कंडक्टरची चामडी पिशवी, आणि हातात तिनेच परवा पाठवलेलं पत्र.

"मी... मी वेळ मोजत होते," ती ओढणीने डोळे टिपत म्हणाली.

"पुन्हा? मोजून झालीय की! अकरा मिनिटं दहा सेकंद. नियम दहा मिनिटांचा, सबब आपला चित्रपट स्पर्धेत घेता येत नाही. खाली सही प्रसीता के. पी. तुम्हीच ना?"

त्याने वाकून स्टॉपवॉच उचललं, शर्टाला पुसलं आणि तिच्यापुढे धरलं.

"थँक्यू," ती म्हणाली.

आता भांडायला आलेल्या माणसाला कुणी थँक्यू म्हणतं का? पण प्रसीताची जीभ तिच्या ताब्यात नव्हती. सकाळी सात ते दुपारी दोन ती शहरातल्या एका इस्पितळाच्या चौकशीच्या खिडकीत बसायची. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्याला, ओरडणाऱ्याला, रडणाऱ्याला, सगळ्यांना थँक्यू. घरी आईने भात वाढला तरी थँक्यू. आई म्हणायची, "हिला कुणीतरी औषध द्या गं."

दुपारनंतर मात्र ती नदीकाठच्या पुळिक्कडवू गावातल्या वाचनालयात यायची. दरवर्षी काजूला मोहोर आला की इथे हौशी लघुपटांची स्पर्धा भरायची. मोबाईलवर काढलेले, उसन्या कॅमेऱ्यावर काढलेले, लग्नाच्या फोटोग्राफरला गळ घालून काढलेले, अशा सिनेमांची. प्रसीता आणि तिची मैत्रीण रहीना या त्या स्पर्धेच्या बिनपगारी स्वयंसेवक. आलेला प्रत्येक सिनेमा बघायचा, वेळ मोजायची, यादी करायची, आणि शेवटी खुर्च्यासुद्धा त्यांनीच पुसायच्या.

"हे बघा," तो खुर्ची ओढून बसला. त्याचं नाव निधीश. नदीघाट ते शहर या मार्गावरच्या बसचा कंडक्टर. "माझा सिनेमा साडेनऊ मिनिटांचा आहे. त्याच्या वरचे ते आभार आहेत. आभार कुणी मोजतं का? देवळात जाताना चप्पल काढायला लागणारा वेळ पूजेत धरतात?"

प्रसीताला हसू आलं, ते तिने आवळून धरलं. चूक त्याची एकट्याची म्हणता येईना. त्या भागातला कुठलाही सिनेमा आधी आभार मानतो आणि मगच तोंड उघडतो. ज्याने दोरी दिली त्याचे आभार, ज्याने चहा दिला त्याचे आभार, गल्लीचे, पंचायतीचे, पावसाने उघडीप दिली म्हणून पावसाचेसुद्धा. पण दीड मिनिटाचे आभार? तेवढे तिनेही कधी पाहिले नव्हते.

"आम्ही पहिल्या अक्षरापासून मोजतो," ती म्हणाली. "मागच्या वर्षी असेच दोघेतिघे लांबले. सहा वाजता हॉल सोडायचा होता. शेवटचा सिनेमा डोंगरावरच्या एका शाळकरी मुलीचा होता, तो राहूनच गेला. आईबापांना घेऊन आली होती हो ती... तिला 'नाही जमणार' म्हणून सांगायला मलाच पाठवलं होतं. तेव्हापासून मी कुणाला एक सेकंद सोडत नाही."

निधीशने हातातल्या पत्राची घडी घातली. मग हळूच म्हणाला, "हे पत्रात लिहिलं असतंत तर मी भांडायला आलोच नसतो."

"शुक्रवारी संध्याकाळपर्यंत वेळ आहे. आभार काढून टाका. नऊ मिनिटं पस्तीस सेकंद होतील. मी स्वतः नोंदवून घेते."

"नावं नाही काढणार."

"अहो, काढा म्हणजे... थोडी! बेचाळीस आहेत! मी मोजली." तिने पडद्यावरची यादी मागे नेली. "हे कोण? सुलेखा?"

"बकरी."

"बकरीचे आभार?"

"तीन दिवस आली बिचारी कामाला. एकदा माझी बॅटरीची वायर खाल्ली, तेवढं सोडलं तर कलाकार म्हणून नाव ठेवायला जागा नाही." तो पुढे झुकला आणि एकेक नाव बोटाने दाखवू लागला. "ही आयिशा इत्ता, म्हणजे आयिशाताई, बकरी हिची. हा अंबू, होडी याची. ही चीरूअम्मा. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. रोज सकाळी साडेसहाच्या बसला दुसऱ्या बाकावर बसते. जन्मात सिनेमात काम केलं नव्हतं. पहिल्या दिवशी विचारलं, पडद्यावर माझं नाव येईल का रे? मी म्हटलं, येईल. सगळ्या बसला मी तसंच सांगितलं. ज्याने जे दिलं त्याचं नाव येईल. मॅडम, मी रोज ज्यांच्यासमोर उभा राहतो ना, ती माणसं आहेत ही. उद्या कुठल्या तोंडाने म्हणू, पुढे सरका?"

प्रसीताने उगाच यादी खाली-वर केली. "आणि तुमच्या आईचं नाव दिसत नाही. आईने काहीच नाही दिलं?"

"आईने? तीन दिवस वीस माणसांना जेवायला घातलं! पण तिचे आभार मानले असते तर पळी घेऊन धावली असती अंगावर. मी काय परकी आहे का रे, म्हणून. आपल्या माणसाचे आभार कुणी मानतं का?"

खाली घाटावरून बसचा हॉर्न दोनदा वाजला. निधीश उठला. दारापर्यंत गेला आणि वळला.

"एक विचारू? रडत कशाला होतात?"

"डोळ्यात काहीतरी गेलं होतं."

"कितव्या मिनिटाला गेलं?"

"सहाव्या," प्रसीताच्या तोंडून निघून गेलं. आणि ती कानापर्यंत लाल झाली.

तो हसला नाही. नुसतं "बरं..." म्हणाला आणि जिना उतरून गेला. ती मात्र कितीतरी वेळ त्या रिकाम्या दाराकडे बघत बसली.

सिनेमा असा होता. नदीवर पूल झाला, होडी बंद पडली. नावाड्याला आता काही काम नाही, तरी तो रोज बांधलेल्या नावेत जाऊन बसतो. आणि त्याची बायको, म्हणजे चीरूअम्मा, रोज बारा वाजता त्याचा डबा घेऊन घाटावर येते. सहाव्या मिनिटाला तो जेवतो. ती कावळा हाकलते, त्याच्या हातावर पाणी घालते. दोघं अवाक्षर बोलत नाहीत. मग तो फळीवर वीतभर सरकतो आणि आपल्या सावलीत तिला जागा करून देतो. बस्स, एवढंच. पूर्ण बहात्तर सेकंद काहीच घडत नाही, आणि प्रसीताला दर वेळी हुंदका यायचा.

शुक्रवारी निधीश पेनड्राइव्ह घेऊन आला. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले.

"मोजा."

प्रसीताने स्टॉपवॉच दाबलं. बेचाळीस नावं एकामागून एक गेली. सुलेखासुद्धा. मग नदी, पूल, डबा. सहावं मिनिट आलं आणि गेलं. म्हातारीने डबा उघडला, आणि पुढच्याच क्षणी ती रिकामा डबा घेऊन घरी चालली होती.

"नऊ अठ्ठावन्न," निधीश म्हणाला. "आता घ्याल?"

"तुम्ही... तुम्ही ते काढलंत?" प्रसीता ताडकन उभी राहिली. "अहो, तोच तर सिनेमा होता! बाकी सगळं म्हणजे त्याच्याकडे जाण्याचा रस्ता! असं कसं काढलंत हो? हात कसा धजला तुमचा?"

"दुसरं काय काढू? माणसं काढू?"

"तुम्हाला डोकं आहे का?"

"होतं. तुमच्या पत्रानंतर काम करत नाहीये."

कोपऱ्यात आमंत्रणांच्या घड्या घालत बसलेल्या रहीनाने मान वर केली. "भांडा, भांडा. पण जरा हळू. खाली माश पेपर वाचतायत." कुंजिरामन माश, म्हणजे वाचनालयाचे सेक्रेटरी, निवृत्त मास्तर. त्यांच्यापुढे पुळिक्कडवूत कुणाचा आवाज चढत नसे.

माशांचं नाव निघालं आणि प्रसीताला आपलं संकट आठवलं. दोन दिवसांपूर्वीच त्यांनी तिला एक काम ठोठावलं होतं. समारोपाचे आभार. त्या मुलखात कुठलाही कार्यक्रम आभारांशिवाय संपत नाही आणि आभार कुणी ऐकत नाही. माइकवर "आता आभारप्रदर्शन" असं म्हटलं रे म्हटलं, की खुर्च्या सरकायला लागतात. म्हणून ते काम नेहमी सर्वांत गरीब माणसाच्या गळ्यात पडतं. रहीनाने घसा बसल्याचं सांगून अंग काढून घेतलं होतं. घसा अर्थात ठणठणीत होता. प्रसीता शाळेत एकदा माइकपुढे उभी राहिली होती, ती तोंडातून शब्द न काढता रडत खाली उतरली होती. माशांनी सांगितल्यापासून दोन दिवस तिला नीट जेवण गेलं नव्हतं.

पण आता त्या संकटातूनच तिला एक वाट दिसली. ती निधीशकडे वळली.

"ती नावं मी म्हणते."

"म्हणजे?"

"समारोपाचे आभार माझ्याकडे आहेत. पडद्यावर प्रत्येक नाव दोन सेकंद. मी एकेक नाव माइकवर घेईन, सावकाश, कुणी काय दिलं त्याच्यासकट. तुम्ही पडद्यावरची नावं काढा आणि ते सहावं मिनिट परत लावा."

निधीशचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "आभाराला कोण थांबतं हो? अर्धा हॉल रस्त्यावर असतो."

"कंडक्टर आहात ना? बसवा लोकांना!"

रहीना शिट्टी वाजवणार होती, पण घसा बसल्याचं तिला वेळेवर आठवलं.

माशांना विचारायला दोघं खाली गेली. माशांनी पेपर खाली ठेवला, चष्म्यावरून दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "पस्तीस वर्षं झाली बाळ, आभारात कुणी काय बोलावं यावर मी कधी बंदी घातली नाही. कुणी ऐकलंही नाही म्हणा. कर तुला काय करायचं ते. पाच मिनिटं. मी घड्याळ लावून बसेन." मग निधीशला म्हणाले, "आणि तू काय पाच मिनिटांपासून तिच्या तोंडाकडे बघतोयस? शुक्रवार संपतोय. पेनड्राइव्ह कुठंय?"

रविवारचा दिवस उगवला. पंचवीस सिनेमे, एक हॉल, आणि बाहेर काजूच्या मोहोराचा वास. दुपारी तीनला नदीपलीकडून सिनेमातल्या माणसांच्या दोन जीप आल्या. त्यातून चीरूअम्मा उतरली. कोरी पांढरी साडी, कपाळाला भस्म, आणि दारातच पहिला प्रश्न, "माझं नाव कधी लागणार?"

निधीशने प्रसीताकडे बघितलं. प्रसीताने खाली वाकून म्हातारीचा हात धरला. "शेवटी, अम्मा. शेवटपर्यंत बसायचं हं."

"मला कुठे जायचंय?" चीरूअम्मा म्हणाली.

सिनेमा लागला. जेवून झाल्यावर नावाडी वीतभर सरकला आणि सगळा हॉल गप्प झाला. लहान मूलसुद्धा रडेना. प्रसीता भिंतीला टेकून उभी होती. पलीकडच्या भिंतीला निधीश. त्याने पडद्याकडे बघितलंच नाही. तो तिच्याकडे बघत होता, डोळ्यात काही जातंय का ते. गेलंच.

बक्षीस मिळालं नाही. पहिलं गेलं डोंगरावरच्या त्याच शाळकरी मुलीला, जिचा सिनेमा मागच्या वर्षी राहिला होता. प्रसीताने एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या की हात लाल झाले. आणि मग माशांनी माइकवर जाहीर केलं, "आता आभारप्रदर्शन."

खुर्च्या सरकल्या. पुढच्या रांगेतले पाहुणे उठले. प्रसीताने हातातला कागद उलगडला. बसच्या फेऱ्यांच्या कागदामागे निधीशच्या तिरप्या अक्षरातली बेचाळीस नावं. तिने तोंड उघडलं... आवाज नाही. पुन्हा उघडलं.

तेवढ्यात हॉलच्या मागून एक खणखणीत आवाज आला, रोज भरल्या बसमधून जातो तसाच. "चला, चला, बसून घ्या! शेवटचा थांबा अजून लांब आहे! दाराशी कुणी उभं राहू नका!"

हॉलमध्ये हशा पिकला. लोक सवयीने बसलेसुद्धा. प्रसीताही हसली आणि हसता हसता तिचा आवाज सुटला.

"होडी दिली, अंबू यांनी. तीन दिवस मासेमारी बंद ठेवून."

मधल्या रांगेतून एक काळासावळा माणूस गोंधळून उभा राहिला. कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवल्या. तो लाजून खाली बसला.

"बकरी दिली, आयिशा इत्ता यांनी. काम केलं, सुलेखा हिने. वायरही हिनेच खाल्ली."

पुन्हा हशा. नाव आलं की माणूस उभा राहायचा. ज्याने छत्री धरली तो, जिने घराची खिडकी वापरू दिली ती, ज्याने आवाज नको म्हणून दिवसभर करवत बंद ठेवली तो सुतार. कुणी हात जोडत होतं, कुणी पदराआड तोंड लपवत होतं. पुढचे पाहुणे दारातून परत येऊन उभे राहिले होते. कुणीही गेलं नाही.

"आणि चीरूअम्मा. यांनी डबा आणला."

म्हातारी उभी राहिली. तिने कुणाला हात जोडले नाहीत. नुसतं चहूकडे फिरून सगळ्यांना आपलं तोंड दाखवलं, नीट, सावकाश. मग शेजारणीला म्हणाली, "पडद्यावर असतं तर मला वाचता थोडंच आलं असतं? ऐकू आलं ते बरं झालं." आजवर लाखभर वेळा प्रसीताने थँक्यू म्हटलं असेल, पण आभार मानणं म्हणजे काय असतं ते तिला त्या दिवशी कळलं.

माशांनी घड्याळ बघितलं. सात मिनिटं झाली होती. त्यांनी ते गुपचूप खिशात ठेवलं.

हॉल रिकामा झाला. रहीना खुर्च्यांच्या चवडी लावत होती. प्रसीता पायरीवर बसून तो कागद पुन्हा वाचत होती. वरून खाली, मग खालून वर.

"काय शोधतेस?" रहीनाने विचारलं.

"काही नाही."

रहीनाने कागद हिसकला, नजर फिरवली. "हां... तुझं नाव शोधतेयस. नाहीये. अगं, बकरीचं आहे, वायरीचंही आहे, आणि जिने हे सगळं केलं तिचं नाही? कृतघ्न मेला!"

"जाऊ दे गं," प्रसीता म्हणाली. पण जाऊ देता येईना. असं काय मोठं मागितलं होतं तिने? बेचाळिसाच्या जागी त्रेचाळीस. एका ओळीने कागद काय फाटला असता? तिने डोळे पुसले, ओढणी खांद्यावर टाकली आणि तरातरा घाटाकडे निघाली.

निधीश घाटावर बांधलेल्या अंबूच्या होडीत फळीवर बसला होता. साडेपाचच्या फेरीला अजून अवकाश होता. मांडीवर केळ्याच्या भज्यांचा पुडा.

"ही तुमची यादी," प्रसीता काठावर उभी राहून म्हणाली. "परत द्यायला आले."

"राहू द्या तुमच्याकडे."

"कशाला? माझं काय आहे त्यात?" ती थांबणार होती, पण थांबली नाही. "माझं नाव नव्हतं."

"नव्हतं."

"बकरीचं होतं!"

"बकरी परक्याची आहे," निधीश म्हणाला.

प्रसीताने पुढे धरलेला कागद खाली केला. नदीचं पाणी होडीच्या कडेला चुळूकचुळूक करत होतं.

"आईचं पण नाहीये त्या यादीत," तो खाली बघत म्हणाला. बसभर गाजणारा त्याचा आवाज आता कसाबसा तिच्यापर्यंत पोचत होता. "यादी लिहिताना तुमच्यापाशी येऊन तीनदा थांबलो. लिहवेना. लिहिलं असतं तर... तुम्ही बाकीच्यांतल्या एक झाला असता. न विचारता आपलं मानलं मी तुम्हाला, प्रसीता. चुकलं असेल तर सांगा. आत्ता पेन काढतो, त्रेचाळिसावं नाव घालतो."

त्याने खरंच खिशाला हात घातला.

"घालाल तर याद राखा!" प्रसीता ओरडली. आणि स्वतःच्याच आवाजाने लाजून तिने कागदाची घडी घातली, आणखी एक घातली, आणि पर्समध्ये अगदी तळाशी ठेवून दिली.

निधीशने हातातलं पेन खाली ठेवलं. तो फळीवर वीतभर सरकला.

ती होडीत उतरली. होडी हलली तसा त्याने हात पुढे केला, तो तिने धरला आणि त्याच्या सावलीत बसली. हात काही लगेच सोडला नाही. मग त्याने पुड्यातलं एक गरम भजं तिच्यापुढे धरलं.

"थँ..."

शब्द ओठांवर आला होता. प्रसीताने तो गिळला. तिने भजं घेतलं, मधोमध मोडलं आणि अर्धं त्याच्या तळहातावर ठेवलं.

तोही काही म्हणाला नाही.